चौथं बटन

१

सौंदडला हायवेला लागून माझं दुकान आहे. पाटीवर 'योगराज साऊंड' एवढंच लिहिलंय आणि खाली एक फुटका भोंगा टांगलाय. मोटारसायकलला आवाज बसवून द्यायचा हा माझा धंदा. झिंगे विकणारा, कुल्फीवाला, केसांच्या बदल्यात भांडी देणारा, ग्रामपंचायतीचा कोतवाल, सगळे माझ्याकडंच येतात. शौकीन पोरंही येतात, पण त्यांचं काम मी नाक मुरडूनच करतो. त्यांना नुसती छाती हादरायला पाहिजे असते, शब्द कळला नाही तरी चालतो. मला नाही चालत. भोंग्यातून झिंगे म्हटलं तर चौथ्या गल्लीतल्या म्हातारीला झिंगेच ऐकू आले पाहिजेत.

फुशारकी मारत नाही म्हणणार होतो, पण मारतोच आहे. या कानांचं नाव देवरीपासून तिरोड्यापर्यंत होतं.

साऊंडवाल्याची परीक्षा गाण्यात होत नाही. गाणं लावलं की भिकार सिस्टीमही बरी वाटते. मी सगळं जोडून झालं की गाणं बंद करतो, आवाज शेवटपर्यंत वाढवतो आणि भोंग्याजवळ कान देऊन नुसता बसतो. त्या रिकाम्या आवाजात सगळे फॉल्ट सापडतात. अर्थिंग कच्चं असलं की घूं येतं. इंजिनच्या मॅग्नेटची शिट्टी येते. जवळ मोबाइल असला की टिकटिक येते. एकवीस वर्षांत मला न ओळखता आलेला फॉल्ट नव्हता.

घरी मात्र याच कानांबद्दल वेगळं मत होतं. घर दुकानाच्या मागंच आहे. मधात एक दार, मग आंगण, आंगणाच्या पलीकडं आमची बोडी. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला खणलेलं लहान तळं. आमच्या घराण्यात तळी खणायची जुनी रीत, ही पणज्यानं खणलेली. तीन वर्षांपूर्वी दुकानाचं जोतं उंच केलं तेव्हा भरायला मुरूम मी या बोडीतूनच काढला, जेसीबी लावून. तेव्हापासून पावसाचं पाणी दुकानात शिरत नाही.

माझी बायको गंगा. ती स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारायची आणि मी ओ द्यायचो नाही. मुद्दाम नाही हो. कान कामात गुंतले की घरातलं ऐकूच येत नसे. मग ती दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "साऱ्या गावाचे भोंगे आयकू येतात, बायको तेवढी नाही आयकू येत." चौदा वर्षं हेच चाललं होतं. लेकरू झालं नाही, आईबाप गेले, घरात आम्ही दोघंच. ती नसली तर आपलं या जगात कोणी नाही, हे मला ठाऊक होतं. पण डोक्यावर छप्पर आहे हे जसं ठाऊक असतं तसं ठाऊक होतं. वर कोण बघतो रोज.

कोजागिरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी टेकचंद त्याची मोटारसायकल घेऊन आला.

२

टेकचंद देवरीकडचा. आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच, आणि मंडईच्या रात्री नाटक. त्या नाटकाची दवंडी गाडीवरून चार गावं फिरवायची, हे टेकचंदचं काम. त्याला जुना एक भोंगा काढून दोन नवे पाहिजे होते, खाली दोन स्पीकर, नवं मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, आणि सात बटनांचा इक्वलायझर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहिली मंडई होती, त्याच्या आत गाडी तयार पाहिजे. मागल्या साली लोकांना सगळं समजलं, नाटकाचं नावच तेवढं समजलं नाही, असं त्याचं रडगाणं होतं. मी म्हटलं, बाबू, यंदा नाव त्यांच्या पिढ्या विसरणार नाहीत.

इक्वलायझरची बटनं वरखाली सरकतात. डावीकडची ढोलकीची, उजवीकडची झांजेची. मधलं चौथं माणसाच्या आवाजाचं. हाक, रडणं, भांडण, सगळं त्या चौथ्यात असतं. जास्त झालं की कानाला टोचतं आणि कमी केलं की माणूस भिंतीआडून बोलल्यासारखा वाटतो. ज्याला चौथं बटन लावता आलं त्यानंच स्वतःला साऊंडवाला म्हणावं.

फिटिंगला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास मी गाणं बंद केलं, आवाज पूर्ण वाढवला आणि बसलो.

आधी नेहमीची घरघर. मग त्या घरघरीच्या आत काहीतरी हललं.

मी इंजिन चालू करून रेस दिली. मॅग्नेटची शिट्टी असती तर रेसबरोबर चढली असती, हे चढलं नाही. मोबाइल बाहेर ओट्यावर ठेवून आलो. अर्थिंगची वायर खरवडून पुन्हा आवळली. आवाज तसाच. दोन तुकड्यांत यायचा आणि मधात थांबायचा. मग मी एकेक बटन वर करत गेलो. चौथं वर केलं तसा तो जवळ आला.

"अजी."

बाईचा आवाज होता, लांबून. थोडं थांबून पुन्हा आला. "अजी... या ना."

खरं सांगतो, मला हसू आलं. चौदा वर्षांत गंगाची हाक पहिल्यांदा वेळेवर ऐकू आली होती, तीही भोंग्यातून. आतल्या स्वयंपाकघरातला आवाज भोंग्यानं कसा पकडला असेल याचाच विचार करत मी मागच्या दारातून घरात गेलो. गंगा विळीवर चवळीच्या शेंगा चिरत होती.

तिनं मान वर करून विचारलं, "काऊन आले?"

मी म्हटलं, तूच तर बोलावलं.

"मी कायले बोलावतो? अजून भात मांडाचा हाय." आणि ती पुन्हा शेंगा चिरायला लागली. मी दोन मिनिटं तिथंच उभा राहिलो. तिच्या ओठांकडं बघत होतो, हे तिच्या लक्षात आलं असावं. "जा ना," ती म्हणाली, "कामधंदा नाही का?"

कान वाजले असतील म्हणून मी परत आलो. गाडी पुन्हा चालू केली तेव्हा नुसती घरघर होती.

३

दुसऱ्या दिवशी एकला तो आवाज पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही.

पहिल्या दोन-चार वेळा मी धावत घरात गेलो. कधी ती भांडी घासत असायची, कधी पापड वाळत घालत असायची, एकदा तर भिंतीला टेकून झोपली होती. दर वेळी तिनं हाक मारलेली नसायची. तिला मजा वाटायला लागली. शेजारच्या मंदाबाईला तिनं सांगितलं की माझ्या नवऱ्याला म्हातारपणी बायको आठवायला लागलीय. मंदाबाई कुंपणावरून मला बघून फिदीफिदी हसायची. मला राग यायचा. फॉल्ट सापडत नाही याचा राग वेगळा आणि दोघींच्या हसण्याचा वेगळा.

मी मशीन बदलून पाहिलं. जुना भोंगा लावून पाहिला. बॅटरी बदलली. दुकानातल्या दुसऱ्या स्पीकरना हेच मशीन जोडलं तर एकदम साफ. टेकचंदच्या गाडीवर चढवलं की एकच्या सुमाराला ती बाई हजर. आणि मी काही हळू आवाजात ऐकत नव्हतो. फॉल्ट शोधायचा तर आवाज पूर्ण वाढवावाच लागतो. हायवेपासून बोडीच्या पाळीपर्यंत सगळ्यांनाच ते ऐकू जायचं. मंदाबाईनं मला विचारलंसुद्धा की ही कोणत्या नाटकाची टेप लावून राहिलास. समोरच्या पानठेल्यावरची मंडळी एक वाजला की म्हणायची, चला, योगराजची बाई बोलावून राहिली, जेवाची वेळ झाली.

पाचव्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. हाकेच्या आधी एक लांबलचक भोंगारा यायचा. तो मालगाडीचा हॉर्न होता. आमच्या सौंदड स्टेशनावरून मालगाड्या जातात, तो हॉर्न मी लहानपणापासून ऐकलाय, चुकणं शक्य नाही. मी पळत बाहेर आलो. रेल्वेचं फाटक उघडं होतं, बैलबंडी आरामात रूळ ओलांडत होती, दोन्हीकडं लाइन रिकामी. दुकानात भोंग्यातून मात्र गाडी वाजत होती.

मी स्वतःला समजावलं की कोणाच्या तरी फोनमधलं येऊन राहिलं असेल, हवेत हजार लहरी असतात. पण मोबाइलची टिकटिक मला कळते. हे तसं नव्हतं. आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. तो आवाज गंगाचाच होता. चौदा वर्षं न ऐकलेला असला म्हणून काय झालं, ओळखू येत होता.

सहाव्या दिवशी मीच तिला दुकानात बोलावलं. हात पुसत आली आणि भोंग्यासमोर स्टुलावर बसली. हॉर्न वाजला. मग हाक आली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"कोन बाई हाय वो ही?" ती हळूच म्हणाली. "पान्यात हाय."

मी विचारलं, कशावरून?

"आवाजावरून. पान्यात उभं राहून बोललं का आवाज असाच येते. साऊंडवाले ना तुमी, एवढं नाही समजत?" मग थोडं थांबून म्हणाली, "बिचारी कवाची बोलावून राहिली. तिच्या घरच्याले आयकू नाही येत का?"

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ओळखू येत नाही. माझ्या गिऱ्हाइकांचं नेहमीच असं होतं, भोंग्यातून आपलाच आवाज आला की म्हणतात हा कोण. मी तिला सांगायला पाहिजे होतं. तोंडाशी आलं होतं. पण काय सांगणार, की बाई ती तूच आहेस? ती घाबरली असती. नाहीतर मला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं असतं. मी म्हटलं, असंन कोनी. आणि वर एवढं म्हटलं की दोन-चार दिवस बोडीवर जाऊ नको.

"मंग दिवाळीच्या गोधड्या का तुमच्या भोंग्यात धुवू?" ती म्हणाली.

मला हसू आलं. मी हसलो, आणि ती गोष्ट तिथंच राहिली.

४

रात्री झोप लागली नाही. सकाळी उठलो आणि ठरवलं, फॉल्ट सापडत नसेल तर कापायचा. धंद्यात असंच करतात. मुळातून जात नाही तो आवाज बटनानं दाबतात. चौथं बटन सगळं खाली ओढलं. त्यानं टेकचंदचा आवाज भिंतीआड गेला असता, म्हणून तिसरं आणि पाचवं थोडं थोडं उचललं आणि माइकची जागा बदलली. दिवसभर बसलो. हे काम सोपं नाही. एका माणसाचा आवाज ठेवायचा आणि दुसऱ्याचा काढायचा, तो ज्या फटीत आहे तेवढीच फट बुजवायची.

एक वाजला. मी श्वास धरून बसलो. घरघर आली. फक्त घरघर.

दुसऱ्या दिवशीही साफ, तिसऱ्या दिवशीही साफ. माइकवरून मी स्वतः दवंडी देऊन पाहिली, एकेक अक्षर मोत्यासारखं सुटं. पानठेल्यावरून ओरडून विचारणा झाली की आज बाई आली नाही का. मी म्हटलं, तिला माहेरी धाडलं. सगळे हसले, मीही हसलो. आवाज गेला तशी माझ्या पोटातली भीतीही गेली. खरं तर भीतीनं फॉल्टबरोबर जायला नको होतं. पण मी साऊंडवाला. ऐकू यायचं बंद झालं की आमच्यासाठी ती गोष्ट संपते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी शेवटची ट्रायल घेतली. संध्याकाळी टेकचंद गाडी न्यायला येणार होता. माझा एक कान भोंग्याला होता. गंगा मधल्या दारात आली आणि काहीतरी म्हणाली. तिच्या काखेत काहीतरी मोठं होतं. मी मान हलवली. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पुढं कितीदा तरी मी ते ऐकायचा प्रयत्न केला. जमत नाही.

एकच्या सुमारास मालगाडी वाजली.

माझ्या कपाळावर आठी आली. तीन दिवस साफ असलेली सिस्टीम, आणि आज गिऱ्हाईक यायच्या दिवशी नखरे. मग हाक आली. "अजी." मी हात घातला आणि चौथं बटन खाली ओढलं. ते आधीच खाली होतं.

"अजी... या ना."

मी तिसरं ओढलं, पाचवं ओढलं. सातही बटनं खाली केली. आवाज कमी झाला नाही. उलट आज तो साफ होता, इतका साफ कधीच आला नव्हता. माझं डोकं फिरलं. मी शिवी हासडली आणि मशीनच बंद केलं. लाल दिवा विझला.

तरी हाक येतच होती.

आता, मशीन बंद केल्यावर आवाज लगेच जात नाही. आतल्या कंडेन्सरमध्ये करंट साठलेला असतो, तो रिकामा होईपर्यंत दोन-तीन सेकंद आवाज राहतो. हे कोणत्याही साऊंडवाल्याला ठाऊक आहे. मी तेच म्हटलं स्वतःला. कंडेन्सर रिकामा होऊन राहिला. आणि मी मोजायला लागलो. सवय आहे मला, कंडेन्सर चांगला की वाईट ते असंच मोजून कळतं. एक, दोन, तीन. ती हाक मारत होती. सात, आठ. मधात पाणी गिळल्यासारखं काहीतरी झालं. अकरा. मग पुन्हा एकदा "अजी", अर्धंच. सोळा, सतरा.

मग थांबलं.

कंडेन्सर भारी आहे, असं माझ्या मनात आलं. हात पुसले आणि भोंग्याला म्हटलं, झालं ना बाबा एकदाचं.

५

मंदाबाई धावत आली ती मधल्या दारातून. तिच्या पायात चप्पल नव्हती. तिनं विचारलं, गंगा कुठं आहे. मी म्हटलं, असंन घरात.

"घरात नाही गा. बोडीत गोधडी वाहून राहिली."

मी आंगणातून पळालो. धुण्याच्या दगडावर दोन गोधड्या पिळून ठेवलेल्या होत्या, नीट, एकावर एक. साबणाचा तुकडा होता. तिसरी गोधडी पाण्यावर पसरली होती, दगडापासून दहा-बारा पावलांवर. उन्हाळ्यात तिथला खड्डा दिसतो. पावसाळा झाला की पाणी सगळीकडं सारखंच दिसतं. मुरूम काढताना मी जेसीबीवाल्याला म्हटलं होतं, दगडापासून लांब काढ. त्यानं लांबच काढला होता. कड दर पावसाळ्यात थोडी थोडी ढासळत दगडाकडं आली होती, आणि ते मी दर साली बघत होतो.

गोधडीच्या मधोमध एक फुगवटा होता. वारा नव्हता. तो फुगवटा एकदा हळूच वर आला आणि बसला. मी एवढंच पाहिलं. पाण्यात कोण उतरलं, कोणी बाहेर काढलं, ते लोकांनी सांगितलं म्हणून ठाऊक आहे.

तिला आंगणात ठेवलं होतं तेव्हा मंदाबाई खांबाला धरून बसली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"मी तं आयकलं होतं गा," ती म्हणाली. "मले वाटलं, तूच भोंगा लावून राहिला."

पानठेल्यावरच्यांनीही ऐकलं होतं. बांधीत धान बघायला गेलेल्या दोघांनीही ऐकलं होतं. सगळ्यांना तेच वाटलं. सहा दिवस मीच त्यांना सवय लावली होती. ती बोलावत होती तेव्हा सारं सौंदड ऐकत होतं आणि कोणी उठलं नाही, मीसुद्धा नाही. मी पन्नास पावलांवर बसून मोजत होतो.

६

टेकचंद तेरवीला आला. पहिली मंडई हुकली होती, पण खाली मान घालून गाडी घेऊन गेला. दिवाळी कशी गेली मला माहीत नाही. मंडया झाल्या. त्याचा आवाज गावोगाव घुमला असं लोक सांगत होते, नाटकाचं नाव पार शेवटच्या वस्तीपर्यंत ऐकू गेलं म्हणे.

दुकान मी उघडतो. काम घेत नाही. सुरुवातीला दुपारी एकला दुकानातलं मशीन लावायचो, चौथं बटन पूर्ण वर करून. निदान ती हाक तरी यावी. एकदा तरी. दिवसच्या दिवस बसलो. घरघर यायची. तिच्यात काहीही नव्हतं. कान लावला, डोळे मिटले, रडलो, काही उपयोग झाला नाही. गाडीतच फॉल्ट होता, आणि गाडी टेकचंदकडं होती. मग मी त्याला फोन करून विचारलं की मी कापला होता तो बाईचा आवाज मधात येतो का. तो म्हणाला, नाही भाऊ, एकदम साफ हाय.

मार्गशीर्षात तो स्वतःच गाडी घेऊन आला. जरा बिचकत होता. म्हणाला, तुमच्या दुःखात त्रास द्यायला नको वाटत होतं, पण आठवडा झाला, एक फॉल्ट येऊन राहिला. रोज दुपारी एकला येतो. मधात एक माणूस बोलतो. दवंडीत घोळ होतो, लोक हसतात.

मी इक्वलायझर पाहिला. बटनं मी ठेवली तशीच होती, चौथं सगळं खाली. मी ते वर केलं. आम्ही दोघं स्टुलावर बसलो. पावणेएक वाजला होता. टेकचंद उगाच धानाच्या भावाचं बोलत होता.

भोंग्यात मालगाडी वाजली. मी बाहेर बघितलंच नाही.

मग एका पुरुषाचा आवाज आला. लांबून यायचा, धापा टाकत. "आलो. आलो, आलो." थोडं थांबून पुन्हा, "आलो ना, आलो." मी हाकेची वाट पाहत राहिलो. हाक नव्हती. नुसती ओ होती. कोणी बोलावत नसताना तो बापडा ओ देत होता, आणि आवाजाला आजूबाजूनं एक गोल ओलसरपणा होता. गंगानं शिकवलं नसतं तर तो माणूस पाण्यात आहे हे मला ओळखू आलं नसतं.

मी विचारलं, "कोन मानूस हाय गा हा?"

टेकचंदनं माझ्याकडं पाहिलं. मग नजर काढून घेतली.

"भाऊ, तुमचाच आवाज हाय."

मी पुन्हा ऐकलं. असेल. त्या दिवशी मी ओ दिली नव्हती. त्या दिवशीच काय, नंतरही कधी दिली नाही. एकटा असताना, झोपेत, बोडीच्या पाळीवरसुद्धा नाही. तोंडातून ते अक्षर निघतच नाही. माझ्या आवाजातलं 'आलो' अजून कुठंच झालेलं नाही.

आवाज थांबला. घरघर राहिली. टेकचंदनं घसा साफ केला आणि म्हणाला, पुढल्या आठवड्यात तिकडं एक मोठं नाटक आहे, तेवढं एक कापून द्या भाऊ. मागच्या वेळी ती बाई कापली होती तसंच.

माझा हात चौथ्या बटनावर होता. कापायला दोन मिनिटं लागली असती.

"राहू दे गा," मी म्हटलं. "हा फॉल्ट थोडेच दिवस राहते. मंग आपोआप जाते."